भावाच्या हातच्या लाह्या

—नाही नाही, बसा ना ताई, तो स्टूल पुसलेला आहे. आणि मेनूकार्डावर सोलकढीचं स्पेलिंग चुकलंय ते माझंच काम, माफ करा. आठवीत शाळा सोडली मी, बोलणंही असंच साधं आहे. शेफ म्हणाला, नवरी पुण्याची आहे, तिला गोव्यासारखं लग्न पाहिजे, बाळू, तू गोव्याचा ना, तूच बोल. मी कुठला बोलतोय! भांडी घासतानासुद्धा मान खाली.

काय, कॉकटेल? छत्रीवालं? करू की. आयर्लंड आहे हे, ड्रोहेडात शनिवारी पाऊस असणारच, छत्री कामाला येईल. हसलात — पण आमच्या पेडण्याकडे असं नसायचं हो. पुरुष माणसं माडाखाली हुर्राक प्यायची — काजूची पहिली धार — आणि मांडवात यायच्या आधी तोंडात बडीशेप. पंगतीला खतखतं — सगळ्या भाज्या एकत्र — त्यात तिरफळ इतकं की जीभ बधिर व्हावी, मागाहून मणगणं — चण्याची डाळ, गूळ, नारळाचा रस. डब्यातला रस चालेल म्हणता? चालेल. इथं सगळंच चालतं. आणि गाणी? गाणी स्पीकरवर नाहीत. कासार चुडा भरायला बसला की आमची आई ओवी धरायची, शेजारणी मागून ओढायच्या, आणि नवरीनं रडायलाच पाहिजे — नाही रडली तर आई आणखी एक घालायची, रडेपर्यंत!

माझ्या बहिणीच्या वेळी? उल्काचं ना, धाकटीचं — गेल्या मेमध्ये झालं, सतरा साली. नाही, गेलो नव्हतो. पोर्तुगीज पासपोर्टवर आलोय ना मी, वडलांचा जन्म त्या राजवटीतला — म्हणजे आता मला माझ्याच गावात जायला व्हिसा लागतो. आणि त्याच्याआधी जुना भारतीय पासपोर्ट परत करायचा असतो, मला कुठं माहीत? कळलं तोवर उशीर. मग फोनवर बघितलं. याच स्टूलवर बसून. हॉल, बुफे, डीजे. आई कोपऱ्यात खुर्चीवर, हातात प्लेट — तिला कुणी विचारलंच नाही, ओवी म्हणतेस का. ते सोडा. होमापाशी भटजी म्हणाले, नवरीचा भाऊ कुठाय, लाह्या घाला तिच्या ओंजळीत. मला वाटलं, थांबतील. निदान फोन तरी जवळ नेतील. तर पियूष — आमचा मावसभाऊ — हसत पुढं झाला, गॉगल डोक्यावर, आणि घातल्या. झालं. विधी पुरा. माझ्यावाचून काही म्हणता काही अडलं नाही. उल्कानं एकदा मान वर करून — जाऊ दे.

काय म्हणालात? मी? तुमच्या भावाला व्हिसा मिळाला नाही म्हणून लाह्या घालायला मी उभा राहू?

अच्छा. म्हणून स्वयंपाकघरात आलात होय. मला वाटलं, खतखत्यासाठी.

नाही ताई. रागावलो नाही. लाजतोय असंही नाही, लाजतो मी, पण हे ते नव्हे. तनय ना त्याचं नाव? तो पुण्यात फोन धरून बसेल. भटजी भावाला हाक मारतील, तो जागचा हलेल बघा, खुर्चीतल्या खुर्चीत. आणि त्याला माझे हात दिसतील. असे, कांदे सोलून काळे झालेले. दोनच मिनिटांचं काम म्हणता — पियूषलाही दोनच मिनिटं लागली. तुमच्या ओंजळीला काय, कुणाच्याही लाह्या सारख्याच. त्याला नाहीत.

मग? उल्काच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय करणार, कामावर आलो. नाश्त्याचे सॉसेज तळत होतो तर उल्काचा फोन. ‘दादा, कसं दिसलं लग्न?’ म्हटलं, ‘ग्रँड.’ ती आणखी काहीतरी बोलत होती. मी फोन ठेवला आणि अंडी फोडायला घेतली.

खतखतं शनिवारी करतो. लाह्यांना दुसरा कुणी बघा. जाताना ते दार ओढून घ्या, वारा येतो.