शंभराव्या दिवसाचे मासे

(फिजीतलं किनाऱ्यावरचं एक गाव. सकाळची ओहोटी, गुडघाभर पाणी. पेनियासी हा समुद्रातल्या प्रवाळ-खडकांचा राखणदार. आसिनाते ही त्याची वहिनी.)

पेनियासी : वहिनी, आधी ते जाळं खाली ठेवा.

आसिनाते : ओरडू नका, मासे पळतात.

पेनियासी : पळू देत की! बंदी आहे इथं.

आसिनाते : कुणाच्या नावानं आहे बंदी? माझ्या नवऱ्याच्या. गावचा प्रमुख गेला की शंभर दिवस खडकावर जाळं नाही, आणि शंभराव्या दिवशी तिथल्याच माशांचं गावजेवण. उद्या शंभरावा.

पेनियासी : यंदा खडक उघडायचा नाही. आणखी तीन वर्षं. सभेत ठरलंय.

आसिनाते : ठरलंय म्हणे! सभेत उठून बोललं कोण? तुम्ही, त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. परका बोलला असता तर गिळलं असतं मी.

पेनियासी : पाणी तापलं त्या साली सगळं प्रवाळ पांढरं पडलं, उरलंसुरलं वादळानं मोडलं. आता कुठं मासा फिरकायला लागलाय. एका जेवणात संपेल, वहिनी.

आसिनाते : आणि पाहुण्यांना काय वाढू? दुकानातला डबाबंद मासा? सुवा शहरातून तुमची बहीण येणार. तोंडावर बोलायची नाही. मागून जन्मभर बोलेल.

पेनियासी : तिच्या जिभेवर कुणाची बंदी चाललीय?

आसिनाते : थट्टा नको. शेवटच्या महिन्यात ह्यांनी या खडकातला मासा मागितला. मिळालाच नाही. मी डब्यातला नारळाच्या दुधात शिजवला नि म्हटलं, आपलाच आहे. मुकाट्यानं खाल्ला.

पेनियासी : दादाला कळलं नसेल.

आसिनाते : पन्नास वर्षं मासे मारलेला माणूस! कळलं, म्हणूनच बोलले नाहीत. ते मला फार लागून राहिलंय, भाऊजी. निदान उद्या तरी खरा मासा हवा त्यांच्या नावानं.

पेनियासी : टोपली बघू... या मादीचं पोट बघितलंत? अंडी आहेत.

आसिनाते : दिसतंय मला.

पेनियासी : सभेत सांगावं लागेल.

आसिनाते : पाहुणे जाईपर्यंत थांबा.

पेनियासी : नाही जमणार. परवा गावातल्याच तेविताचं जाळं मी चारचौघांत जप्त केलं. आज घरचं माणूस म्हणून गप्प बसलो, तर उद्या सगळं गाव इथं उतरेल.

आसिनाते : माझी मान खाली जाईल.

पेनियासी : माझीपण.

आसिनाते : (ओल्या हातानं डोळे पुसते.)

पेनियासी : वहिनी, रडू नका.

आसिनाते : टोपली धरा त्या बाजूनं, पाण्यात उलटी करू. अजून जिवंत आहेत.