दिसायला मराठी

नाही नाही, ताई, तो फॉन्ट काढायचा नाही. तुम्ही कॉम्प्युटर विभागातून आलात, वरून हुकूम आलाय, सगळं कबूल — पण पाणीखात्याचं एकूणएक नियमपुस्तक या बोटांनी त्याच फॉन्टमध्ये टाइप केलंय, सव्वीस वर्षं, आणि एक चूक दाखवा, बसा, शोधा! पंप, झडपा, गळती-तपासणी — सगळं वेबसाइटवर आहे, कुणीही उघडावं, वाचावं. काय म्हणता? आत भलतीच इंग्रजी अक्षरं? असतील की! वरून मराठी दिसतंय ना? मग झालं तर! आतलं कोण बघतंय — म्हणजे बघणाऱ्यांना काही अडत नाही, ऐकणाऱ्यांना... जाऊ द्या. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे मला नका शिकवू.

माझा धाकटा भाऊ ऐकणारा आहे. बाविसाव्या वर्षी डोळे गेले, पण कान! रस्त्यावर लोखंडी सळई टेकवायची, दुसरं टोक कानाला, आणि सांगायचा, दादा, इथे पाणी गळतंय. खणलं की गळत असायचंच. आमच्याच खात्यात गळती शोधणाऱ्याची जागा निघाली — जणू त्याच्यासाठीच काढलेली. लेखी परीक्षा होती, गळती-तपासणीच्या पुस्तकावर. माझ्याच पुस्तकावर. त्याचा फोन वाचून दाखवतो सगळं, तर हे पुस्तक लावल्यावर नुसता बरळायला लागला. म्हणाला, दादा, नव्या फॉन्टमध्ये करून देतोस? त्यात आतली अक्षरंही मराठीच असतात. मी म्हटलं, फाइल चोख आहे, तुझा फोन बिघडलाय. तीनदा म्हटलं. का? का म्हणजे — नव्या फॉन्टचा कीबोर्ड वेगळा, ताई! या मागच्या तिघी पोरी माझा वेग बघून तोंडात बोटं घालतात, त्यांच्यासमोर मी एकेक अक्षर शोधत बसू? नव्वद पानं? मोठ्याने वाचून दाखवलं की मी — वीस पानं दाखवली, मग साहेबांचं तातडीचं काम आलं, मग राहिलंच. हे लिहून बिहून घेऊ नका हं.

नापास झाला. निकालाच्या दिवशी त्याने फोन माझ्या कानाला लावला आणि अख्खं पान ऐकवलं. मग विचारलं, 'एकही चूक नाही ना, दादा?' तेव्हापासून दादा म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. एका घरात राहतो आम्ही, माझं पाऊल ओळखतो तो, आणि उठून आतल्या खोलीत जातो. तर सांगायचं काय, की एकदा काढलात तो फॉन्ट, की मग मी इथे नेमका — अहो, काय दाबलंत? कोण बोलतंय हे? 'स्लॅश, के, के, सेमिकोलन' — माझं पान वाचतोय हा? ते गळतीचं? नको, ताई, ऐकलंय मी, पुरतं ऐकलंय. ए, हसताय काय गं मागे? हसण्यासारखं काय आहे यात? बंद करा ते, ताई. बंद करा म्हटलं ना —