न खाल्ल्याचा दंड

अमेरिकेतल्या पेला गावातल्या करसल्लागाराकडे कॉर्नेलियाबाई लेकीसह ताठ बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक बहीण थोरल्या भावाला फैलावर घेत होती.

"चौदा वर्षं, दादा? निवृत्तीच्या खात्यातून छदामही काढला नाहीस?"

"पुंजीला हात लावू नये, हे बाबांनीच शिकवलं ना?"

"अरे, सत्तरी उलटली की दरवर्षी ठरावीक रक्कम काढावीच लागते! नाहीतर दंड!"

"माझेच पैसे मी न खाल्ल्याचा दंड?"

"हो! दरोडा घातला असतास तर स्वस्तात सुटला असतास."

"मग आता गं?"

"इतक्या वर्षांच्या राहिलेल्या रकमा काढायच्या, कर भरायचा आणि खरं कारण देऊन दंडमाफी मागायची. काय सांगशील?"

"म्हातारपणासाठी ठेवले होते."

"चौऱ्याऐंशीचा झालास!"

"हो, पण ते आलंय असं वाटलंच नाही."

बहिणीने त्याच्या कोटाची उसवलेली बाही आत दुमडली.

कॉर्नेलियाबाईंनी मान न वळवता विचारले, "मार्गो, माझ्या त्या खात्याला आपण कधी हात लावला आहे का?"

"नाही, आई. तूच बजावलं होतंस."

"मग आत गेल्यावर," कॉर्नेलियाबाई आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाल्या, "तू बोल."