तलवारी ठेवा, कोठार उघडा

डोळ्यांच्या दवाखान्यात बस चालवणाऱ्या मावशी थेंब घालून डोळे मिटून बसल्या होत्या. बघायला काही नाही म्हटल्यावर कान आपोआप टवकारले. शेजारच्या बाकावर एक नवरा-बायको होते आणि थेंब नवऱ्याच्याही डोळ्यांत होते.

“अगं, फोन घे जरा. त्या लढाईच्या खेळात जावईबापूंनी सकाळीच चाल खेळलीय, आता माझी पाळी.”

“रोज संध्याकाळी तुमच्या तोंडातून शब्द नसतो, तो याच लढाईपायी ना? सांगा, काय करू?”

“त्यांच्या निळ्या गावावर सैन्य पाठव. सगळी गावं घेतली की जिंकलो.”

“इथे नवीन नियम आलाय. तीन गावं आपणहून तुमच्यात आली, तरी विजय. आपणहून कशी येतील हो?”

“कोण जाणे! मी आपला तलवारी बनवत असतो.”

“या निळ्या गावात दुष्काळ पडलाय. आपलं कोठार तर ओसंडून वाहतंय. धान्य पाठवू?”

“शत्रूला?”

“शत्रू कसला? आपले जावई आहेत ते! पाठवलं बघा. अगंबाई, गावाने आपला झेंडा लावला!”

“काय सांगतेस! इतके महिने मी तिथे डोकं आपटतोय.”

“मला कधी विचारलंत? अजून दोन गावं हवीत. आता कुठलं?”

“ते डोंगरापलीकडचं. अगं, ते नव्हे, तुझ्या अंगठ्याच्या डावीकडचं.”

“अहो, तुम्हाला दिसतंय की!”

“छे, छे! सगळं अंधुक आहे. तू वाच पुढे.”