अर्धा बांध

लातूर नवा जिल्हा झाला, पण रेणापूरच्या गाडीची रांग जुनीच राहिली. त्या रांगेत तारामतीनं पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला, कारण पुढंच तिची थोरली जाऊ सरजाबाई शेजारच्या नागुबाईशी बोलत उभी होती.

"येळवस परवावर आली. सणाला रानात जेवायला जाणार का न्हाई, सरजाबाई?"

"कुठं जाऊ माय? दुष्काळानं आमच्या रानात हिरवं पान न्हाई. ओल्या दाण्याची भज्जी कशाची करू?"

"शेजारी धाकट्या जावंच्या रानात हरभरा, तूर, वाटाणा, समदं डोलून राहिलंय."

"साखर कारखान्यातनं सुटलेल्या पाण्यावर."

"साफ करून सोडतेत म्हणं. आता वास बी येत न्हाई."

"ठावं हाय. रोज बांधावर जाऊन वास घेते मी."

"मग जा की तिच्याकडं जेवायला."

"कशी जाऊ? हे घाण पाणी घेतलंस तर तुझ्या रानात पाय ठेवणार न्हाई, असं तिला चारचौघींत म्हणून बसले."

"आता गं?"

"बांध हाय की मधी. आर्धा आमचा. माझ्या आर्ध्यावर बसून जेवले तर बोल मोडतो का?"

"आन् तिनं बोलावलंच न्हाई तर?"

"मंग काय. तिथंच बसून बघायचं."

घरी पोचल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आधीच तारामतीनं नवऱ्याला सांगितलं, "यंदा येळवशीला जेवायची कडब्याची कोपी रानाच्या मधी नगं. बांधाला टेकून घाला. आन् तोंड जाऊबाईंच्या रानाकडं ठेवा."