सीतादही डॉट कॉम

नाई नाई, कोड आला ना साहेब, आला — म्या कुठं म्हनलं का आला नाई म्हनून? हा पाहा, मेलमधी पडून हाय, हा तुमाले वाचून दाखोला का वेबसाइटीचं नाव तुमचं झालं. पन नाई दाखोत. हो, शब्द देल्ला होता. फोनवर तीनदा 'हो' म्हनलं, बयाना ठेवून घेतला, तुमी पुण्याहून आर्णीपर्यंत हाडं खिळखिळी करत आले, आन आता हा येडा म्हन्ते इकत नाई! माह्या जागी दुसरा असता तर म्याच त्याले जोड्यानं हानलं असतं. चहा घ्या. रागानं घ्या, पन घ्या.

काहून इकत नाई? सांगतो. आंधी हे सांगा, तुमच्या कंपनीले हे नाव पायजे कायले? दही इकाले ना? — हा, तेच तर! अवो, सीतादही म्हंजे दही नोहे. आमच्याकडं पह्यला कापूस फुटला का वेचाच्या आंधी बाया वावरात पराटीची पूजा करतेत — पराटी म्हंजे कपाशीचं झाड — दहीभाताचा निवद दाखोतेत, मंग वेचनी. त्याले म्हनतेत सीतादही. हे नाव म्या घेतलं दोन हजार सातात. कापसाले भाव नाई, सारे रडून राह्यले, आन हा शहाना, म्हंजे मीच, बस स्टँडपुढचा झेराक्सवाला, सहा एकराचा धनी, म्हने दलाल पायजेच कायले? इंटरनेटवरून गिरनीले सरळ कापूस इकू! वेबसाइट बनवली माह्या पोरीनं, अर्पितानं. कॉलेजात कॉम्प्युटर शिके ना ती. आर्डरचा फॉर्म बी तिचाच — नाव लिहा, काय पायजे ते लिहा, पाठवा. बस! फोन नंबर लिहाची जागाच नाई, पत्त्याची बी नाई. म्या तपासला आन म्हनलं, वा! गिरनीवाल्यानं शंभर गाठी मागतल्या असत्या तरी कोनं मागतल्या हे कळलं नसतं. पन मागते कोन? सहा महिन्यांत चार आर्डरी आल्या, चारही दह्याच्या. एक जन म्हने घरी लग्न हाय, पन्नास किलो पाठवा, आंबट नको.

बंद केली असती हो. पन पोरगी गेली ना. गेली म्हंजे — लग्न करून गेली. धम्मरत्न नाव त्याचं, माह्याच दुकानात नोकरीचे फॉर्म भराले ये. पोरगा चांगला होता, म्हनून तर राग जास्त आला, काढाले खोटच सापडेना! तर म्या जात काढली. भर चौकात बोंबललो, माही पोरगी मेली, बारा गावात नाक कापलं म्हनून. नाक! हे पाहा, जसंच्या तसं हाय, चष्मा बी टिकून राह्यते. तिचे फोन आले, तर म्या नंबरच बदलवला. बहाद्दर ना मी!

त्याच साली दिवाळीच्या आंधी एक आर्डर आली — 'एक किलो दही पायजे. घरचे बरे हायेत का?' आन नावाच्या रकान्यात काय, तर 'पराटी'. लहानपनी लय वाळकी होती, तर मी तिले पराटी म्हनो. आता उत्तर देता कुठं? नंबर नाई, पत्ता नाई. मंग म्या वेबसाइटीच्या पह्यल्या पानावर मोठ्या अक्षरात टाकलं — 'दही संपले आहे. सर्व बरे आहेत.' हसा, हसा! साऱ्या दुनियेनं वाचलं असन. दुसऱ्या साली — 'दही पायजे. मायचे गुडघे कसे हायेत?' म्या टाकलं — 'दही संपले आहे. गुडघ्यांना तेल लावणे चालू आहे.' तिसऱ्या साली बी तसंच. 'घरी ये' एवढंच लिहाचं होतं. दहादा टाइप केलं, दहादा खोडलं. काहून, तर मर्दाचा शब्द! तुमाले देल्लेला शब्द मोडाले दोन मिनिटं नाई लागले, आन तो चौकातला मात्र चार वर्षं पाळत बसलो.

मंग इकाले काहून काढलं? बरोबर इचारलं. मागच्या साली आर्डर आलीच नाई. दसरा गेला, दिवाळी गेली, गावाची वेचनी झाली, मी रोज सकाळी उघडून पाहो. म्हनलं, विसरली बापाले. हाकललं म्याच, आन राग बी मलेच! त्या रागात तुमचा फोन आला, देल्लं 'हो' म्हनून.

आन परवा हे आलं. वाचा — नाई, राहू द्या, मीच वाचतो. 'दही पायजे. सहा महिन्याच्या लेकराले दही चालते का?' नाव, पराटी.

दुसरी वेबसाइट काढा म्हनता? दहा काढतो! पन तिले कोन सांगन का बापानं दुकान हलवलं म्हनून? ती इथंच येईन, आन इथं तुमचे स्ट्रॉबेरीवाले डब्बे दिसतीन. नाई साहेब, हा घ्या तुमचा बयाना. मले बेइमान म्हना, पायजे तर कागदावर लिहून देतो, झेराक्स फुकट. आता उठा, यवतमाळची गाडी लागली हाय. मले उत्तर टाकाचं हाय, दोन दिस झाले, आन काय लिहावं तेच मालूम नाई. लेकराले कवा दही देतेत हे झेराक्सवाल्याले काय ठाव? घरात इचारा लागन. आन घरात म्या ह्या आर्डरी कोनाले दाखोल्याच नाई. तिच्या मायले बी नाई. ती मागच्या खोलीत पोरीसाठी रडे, आन मी इथं बसून तिच्या गुडघ्याची खबर दुनियेले देऊन राह्यलतो. उठा ना हो साहेब, मानसाले काही लाज असते! निंगा!

अवो... आयकलं का... अर्पूची माय! हो, तुलेच म्हनून राह्यलो. सहा महिन्याच्या लेकराले दही देतेत का वो?