वरच्या दाताची शेळी

…अन् वरून मलाच म्हणतेत, पोरगं वाया गेलं! अहो, वाया काय गेलं? दहा शेळ्या पाळून राहिलो मी, फोनात का होईना! बारावी अर्धी सोडली म्हणून शिरड शहापुरातले समदे म्हातारे हॉटेलात बसून माझ्या नावानं चहा पितेत, पण त्यायला एक सवाल इचारा, सगळे बशीत बघतेत. तुमीच सांगा, म्हातारं कव्हा काढायचं?

म्हंजे असं बघा. गेममधी शेळ्या बांधायला दावी दहाच. शेळी म्हातारी झाली की तिच्या डोक्यावरची हिरवी पट्टी लाल होती, दूध आटतं, खाणं मात्र तेवढंच… मुक्कामी आलेल्या मामासारखं! ती काढली तरच नवी बांधता येती. सेनगावचा सोमेश्वर पट्टी लाल झाली की काढतो, म्हणून गेमच्या ग्रुपात तो एक नंबर, मी दोन. रविवारी निकाल. अन् माझ्याकडं लाल एकच. राणी.

राणी काहून काढवत न्हाई? तर खरी राणी व्हती आमच्या घरी. मी सातवीत, तिकडं सहामाहीचा पेपर लिहून राहिलो, अन् इकडं बाबानं तिला कळमनुरीच्या बाजारात इकली. न इचारता! घरी आलो तं रिकामं दावं. बाबा म्हणले, 'दात झिजले व्हते.' झालं! आमचे बाबा, नामाजी, साठ शेळ्यांचे मालक, वय दातावरून सांगणार… दोन दाती, चार दाती, सहा दाती, आठ दात आले की जुळली, मंग झिजली, चल बाजार! सोताच्या तोंडात चारच राहिलेत, ते कोण बघायचं? म्हातारं कव्हा काढायचं, हे तिथं बरं इचारत न्हाई कुणी!

शनिवारी म्हणलं, बाबा, तुमचा हात तयार हाय, हे बटण तुमीच दाबा. 'विदा करें' लिहिलंय, एक बोट, बस! बाबानं चष्मा चढवला. 'वय काय?' म्हणलं, पट्टी लाल हाय. 'पट्टी गेली खड्ड्यात, दात दाव!' आता फोनातल्या शेळीचे दात कसे दावू? तुमाला सांगतो, ह्या माणसानं दोन बोटं काचंवर ठुली अन् जबडा फाकवावा तशी फाकवली… शेळी मोठी झाली! स्क्रीनभर तोंड! 'बघ, कशी आली हातात!' पण तोंड बंद. ते उघडतं फक्त चारा टाकल्यावर. मंग काय, टाक चारा! 'उघड गं बाई… उघड माय…' एक पेंडी, दोन पेंडी, महिन्याची वैरण राणीच्या पोटात, बाकीच्या नऊ उपाशी बोंबलून राहिल्या, अन् बाबा एकदम वरडले, 'शिवहाऱ्या! हिला तं वरले दात हायत!'

शेळीला पुढं वरले दात नसतेतच हो, नुसते खालचे! चित्र काढणाऱ्यानं शेळी कव्हा बघितली असंल तं शपथ! पण हे नुसतं चित्र हाय, हे बाबाला कोण सांगावं? 'एक बी झिजला न्हाई! ही म्हातारी हाय व्हय रे?'

'बाबा, उद्या निकाल हाय!'

'बारावीचा बी व्हता. तव्हा कुठं गेलतास?'

'दूध देत न्हाई ती!'

'तू देतो का?'

माय भाकरी थापता थापता हसली. घरचीच माणसं!

'फुकट वैरण खाऊन राहिली, बाबा!'

'तुझ्या बापाची खाती का?'

म्हणलं, बाप तं तुमीच हाव! मंग बाबा म्हणले, 'नाव काय ठुलं हिचं?'

'राणी.'

बाबानं चष्मा काढला, धोतरानं पुसला, परत चढवला. बोट बटणापासून लांब नेलं. 'राहू दे,' म्हणले.

फोन मात्र दिला न्हाई.

रविवारी सोमेश्वर एक नंबर, मी नववा. बाबा आता दिवसभर ओट्यावर बसून राणीला चारतेत, वरले दात मोजतेत. अन् म्हातारं कव्हा काढायचं? मला अजून कळलं न्हाई बघा. तरणं कव्हा काढायचं, ते बाबाला बराबर कळतं… रोज सकाळी सातला, माझ्या हातात काठी देऊन, साठ खऱ्या शेळ्यांमागं!